पाच गाठींचं अंतर

दानियल मास्तरांना कुणी विचारलं, "मास्तर, पनवेलहून पेण किती लांब हो?" तर मास्तर आधी उलट विचारायचे, "कशानं?"

विचारणारा बुचकळ्यात पडायचा. मग मास्तर बोटांवर मोजायला लागायचे. "बैलगाडीनं निघालात तर दिवस गेला. सायकलनं तीन तास, पण दम लागेल. एसटीनं सव्वा तास, वाटेत टायर बसला नाही तर. कावळा असाल तर पाऊण तास." त्या बिचाऱ्याला मैल हवे असायचे. ते सोडून बाकी सगळं मिळायचं, आणि तो हसत हसत निघून जायचा.

"किती मैल ते नकाशा सांगतो, किती वेळ ते वाट सांगते," हे त्यांचं लाडकं वाक्य. आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ते पाठ होतं. हे वाक्य लक्षात ठेवा. एकदा मास्तर स्वतःच ते विसरले, आणि त्यांच्याबरोबर मीही विसरले.

मी पुण्याहून पनवेलला गणित शिकवायला आले ती पन्नासच्या पुढची वर्षं. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं तर बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घातलेला एक किडकिडीत माणूस ताडकन उभा राहिला. नाव नाही, गाव नाही, थेट प्रश्न: "बाई, घाटात किती वेळ गेला?"

"वीस मिनिटं थांबलो होतो, इंजीन तापलं म्हणून," मी म्हटलं.

"मग खरे प्रवासाचे तास किती? थांबलेले धरायचे की नाही धरायचे?"

मी जरा तिखटच होते तेव्हा. म्हटलं, "तुम्ही बसला असतात त्या गाडीत, तर धरले असतेत." मास्तर इतके खूश झाले की त्यांनी शिपायाला दोन चहा सांगितले. त्या दिवसापासून त्यांची सगळी गणितं माझ्याकडे तपासायला येऊ लागली. "भूगोल माझा, हिशेब बाईंचा," असं ते वर्गात जाहीर करून टाकायचे. मला काही विचारलं बिचारलं नव्हतं.

मास्तर बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. ज्यू म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुणीतरी गोरा परदेशी डोळ्यांपुढे येतो. इथे तसलं काही नव्हतं. मास्तर आडनावानं नेरेकर. त्यांची आई, रिबकाआजी, नऊवारी नेसायच्या, अंगणातल्या तुळशीची पानं चहात टाकायच्या आणि आम्हा सगळ्यांशी मराठीत भांडायच्या. इस्रायल तळ्याच्या बाजूला त्यांचं कौलारू घर होतं. मास्तरांची बायको लवकर गेली होती, मूल नव्हतं. घरात मायलेक दोघंच.

फक्त एक गोष्ट वेगळी. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत आजी काचेच्या पेल्यात खोबरेल घालून वात पेटवायच्या. तिथून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत त्या घरात चूल पेटत नसे, पैशाला हात लागत नसे आणि कुणी गाडीत पाय ठेवत नसे. तो त्यांचा शब्बाथ. शनिवारच्या शाळेतून मास्तरांना सुट्टी होती, पण तो तास ते रविवारी सकाळी घ्यायचे. आणि गंमत म्हणजे रविवारी मुलं यायचीही. दुसऱ्या कुठल्या मास्तराच्या तासाला आली असती हो?

यायची ती त्या दोऱ्यासाठी. मास्तरांच्या कोटाच्या खिशात एक काड्यापेटी असे. तिच्यात मेण लावलेला पांढरा दोरा आणि लाल खडूचा तुकडा. शाळेचा जुना पृथ्वीचा गोल होता, एवढा जुना की त्याच्यावर हिंदुस्थान अजून अखंड होता. त्या गोलाच्या मापानं मास्तरांनी दोऱ्याला गाठी मारल्या होत्या, एका गाठीला पाचशे मैल. मुलांनी दोन शहरं सांगायची. मास्तर एका शहरावर अंगठा दाबून दोरा ताणायचे आणि सगळा वर्ग ओरडून गाठी मोजायचा.

"मुंबई ते टोकियो!"

"एक, दोन, तीन..." आठ गाठी आणि वर थोडा. मग भागिले विमानाचा वेग, मग सूर्याचा हिशेब. पूर्वेला गेलं की घड्याळ पुढे, पश्चिमेला गेलं की मागे. "पश्चिमेला जाणारा माणूस सूर्याच्या मागे धावतो," मास्तर सांगायचे, "म्हणून त्याचा दिवस लांबतो." हे सांगताना ते खरंच वर्गात दाराकडे धावायचे. एकदा दारात हेडमास्तरांच्याच अंगावर गेले. कधी आकाशात विमान घरघरलं तर चालू धडा टाकून वर्गासकट अंगणात. डोळ्यांवर हात धरून दिशा बघायची, मनगटावरचं घड्याळ बघायचं आणि निकाल द्यायचा: "कोलंबो! दोन गाठी!" ते खरंच कोलंबोचं होतं की नाही देव जाणे. पण चाळीस मुलं टाळ्या पिटायची आणि शेजारच्या वर्गात माझा अपूर्णांक बंद पडायचा. मी चिडून खिडकीशी जायचे आणि मग तिथंच उभी राहायचे.

लाल खडूचं वेगळंच. मास्तरांचा नियम होता: मास्तर चुकले तर चुकीला फळ्यावर लाल वर्तुळ काढायचं, ते दिवसभर पुसायचं नाही आणि वर्गानं टाळ्या वाजवायच्या.

मी एकदा हे डोळ्यांनी बघितलं. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं की न्हाव्याहून मुंबईला जाणारा मचवा सकाळी सात वाजता सुटतो आणि अमुक वाजता पोचतो. मागच्या बाकावर न्हाव्याच्या कोळ्यांची बायजा म्हणून मुलगी होती, मावशीकडे राहून शिकणारी. ती उठली. "मास्तर, ता चुकलाव तुमी. मचवा रोज सातला नाय सुटत."

"का गं?"

"भरती रोज येकाच टायमाला येते काय? रोज पुढं सरते. खाडीत पानी नाय तं मचवा काय चिखलातून नेनार हाव?"

वर्ग हसला. मास्तर नाही हसले. काड्यापेटी काढली, त्या सातला लाल वर्तुळ केलं आणि म्हणाले, "मास्तरांनी मैल मोजले, वाट विचारली नाही. टाळ्या!" सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच. बायजा पदरात तोंड लपवून बसली. मला तर भरून आलं होतं. आमच्या पुण्यात मास्तर चुकत नसत, चुकायची ती मुलं.

आता मुख्य गोष्ट. मास्तरांचे थोरले भाऊ मोशे तिकडे नवीन देश झाल्यावर बायकामुलांसकट इस्रायलला गेले होते. एकामागून एक पनवेलची किती कुटुंबं चालली होती तेव्हा. आजींचा जीव थोरल्यात अडकलेला. धाकटा डोळ्यांसमोर होता ना, म्हणून थोरला दिसायचा. मोशेंनी आईसाठी तिकडून खटपट केली आणि तिकडे जाणाऱ्यांची सोय करणाऱ्या मुंबईच्या कचेरीतून कळलं की एका विमानात जागा आहे. हिवाळ्यातलं विमान, शुक्रवारी सकाळी सहाला सुटणारं. पुढलं कधी, सांगता येत नाही.

शुक्रवार ऐकला आणि आजी म्हणाल्या, "मी नाही जायची."

"अगं आई, सकाळचं विमान आहे."

"सकाळचं असेल. पोचेल कधी? वाटेत शब्बाथ लागला तर? अठ्ठ्याहत्तर वर्षं सांभाळलाय मी. आता म्हातारपणी आकाशात मोडू?"

तिसऱ्या दिवशी गोल काखोटीला मारून घरी घेऊन गेले आणि मलाही बोलावलं. आजींच्या हातात दोऱ्याचं एक टोक दिलं. "मुंबईवर धर आई. घट्ट." दुसरं टोक त्यांनी तेल अवीववर ताणलं. "मोज आता." आजींना नीट दिसत नव्हतं, त्या बोटानं चाचपत मोजत गेल्या. बरोबर पाच गाठी. अडीच हजार मैल. ताशी अडीचशे मैल धरले, दहा तास. मध्ये पेट्रोल भरायला एक तास. पनवेलच्या घड्याळात संध्याकाळचे पाच. तिकडचं घड्याळ साडेतीन तास मागे, म्हणजे तिथं दुपारचे दीड.

"बाई, तपासा," मास्तर म्हणाले.

मी तीनदा तपासलं. एक अंक चुकला नव्हता. म्हटलं, "आजी, तुम्ही इथल्या घड्याळानं जा नाहीतर तिथल्या, दोन्हीकडे सूर्य वर असताना पोचता." मी केवढ्या तोऱ्यात सांगितलं ते! आजींनी माझा हात धरला आणि विचारलं, "नक्की ना गो बाय? मोशेच्या घरी जाऊन दिवा मीच लावीन?" मी म्हटलं, नक्की.

मास्तरांनी दाराजवळच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: आई पोचणार, शुक्रवार दुपारी दीड. आळीतून जाणारा येणारा ती पाटी वाचायचा. पुढचे तीन आठवडे त्या घरात नुसती धांदल. आजी आल्यागेल्याला सांगायच्या, "माझा दानियल सूर्याला धरून ठेवणार आहे माझ्यासाठी." आणि तोच दानियल मला एकदा हळूच म्हणाला, "बाई, आई गेल्यावर या घरात चहा कुणासाठी करायचा?" त्यांना मॅट्रिकची मुलं सोडून जाववत नव्हतं आणि आईला अडवायचंही नव्हतं.

बुधवारी त्यांच्याकडे मलिदा झाला. प्रवासाला निघताना, नवस फेडताना त्यांच्यात हे करतात. मोठ्या ताटात गूळ-खोबरं घातलेले पोहे, भोवती पाच प्रकारची फळं, आणि संकटात धावून येणाऱ्या एलियाहू नबीची प्रार्थना. आम्ही शेजारीपाजारी, शाळेतले सगळे दाटीवाटीनं बसलो होतो. प्रार्थना संपली, आता ताट वाटायचं, तेवढ्यात पोस्टमन आला. मुंबईच्या कचेरीचं जाड पाकीट. तिकीट!

"मोठ्यानं वाचा मास्तर!" सगळे ओरडले.

मास्तर उभे राहिले, घसा खाकरला. आजींचं नाव वाचलं, टाळ्या पडल्या. वार वाचला, वेळ वाचली. मग वाट वाचायला लागले. "मुंबई... तेहरान..."

आणि थांबले.

मी त्यांच्या जवळच होते. कागदावर पुढे तुर्कस्तानातल्या एका गावाचं नाव होतं आणि त्यानंतर, सगळ्यात शेवटी, तेल अवीव. अहो, मधल्या देशांचं आणि या नव्या देशाचं वैर! ते आपल्या आकाशातून विमान कसं जाऊ देतील? पेपरात रोज येत होतं, आम्ही दोघंही वाचत होतो. पण आमच्या जुन्या गोलावर कुणाचं कुणाशी वैर नव्हतं. मास्तरांनी त्याच्यावर दोरा सरळ ताणला आणि मी शहाणी भागाकार तपासत बसले. मास्तरांनी खिशातून दोरा काढला, गोलावर नव्या वाटेनं वळवून धरला. साडेसहा गाठी. तेरा तास, वर दीड-दीड तासाचे दोन मुक्काम. तिथं उतरेपर्यंत काळोख पडून दीड-दोन तास झालेले असणार.

"काय रे? वाचायचा का थांबलास?" आजींनी विचारलं.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं की मास्तर, गप्प बसा. म्हातारीला दिसत नाही, विमानात तिला दिवस काय न् रात्र काय. पोराला भेटू दे. सांगितलंत तर ती पाऊल उचलायची नाही आणि ही जागा गेली की पुन्हा कधी मिळेल? मी त्यांचा कोट ओढलासुद्धा.

मास्तर दाराशी गेले. काड्यापेटीतून लाल खडू काढला आणि पाटीवरच्या 'दुपारी दीड'भोवती वर्तुळ काढलं. वर्तुळ वाकडं आलं. "आई," ते म्हणाले, "मी चुकलो. विमान वळसा घालून जातं. मी वाट विचारलीच नाही. तू पोचशील तेव्हा शब्बाथ लागलेला असेल."

कुणी ताटाकडेही बघेना. मला रडू फुटायच्या बेतात होतं. आणि तेवढ्यात आजींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकट्यानंच, सुरकुतलेल्या तळव्यांनी. "का रे, तुझ्या शाळेत मास्तर चुकले की टाळ्या वाजवतात ना? मग ही पोरं का गप्प?"

मग जी टाळी पडली! मास्तर मात्र खाली मान घालून उभे.

"इकडे ये," आजी म्हणाल्या. "आपले वाडवडील कशातून आले?"

"गलबतातून."

"नवगावच्या किनाऱ्याला फुटलं ते. पण त्याआधी किती शुक्रवार ते समुद्रात होते? शब्बाथ लागला म्हणून भर समुद्रात कुणी पाण्यात उडी टाकली काय? मी दिवस असताना चढणार. मग शब्बाथ लागला तर तो माझ्याकडे आला, मी त्याला मोडायला गेले नाही. पण उतरल्यावर मी गाडीत बसायची नाही, सांगून ठेव मोशेला. शनिवारी तारे दिसेपर्यंत जिथं उतरेन तिथंच बसेन." मग आवाज खाली आला. "दिवा मात्र या वेळी तू लाव. इथं. मी वर असेन."

आणि पोहे वाटले गेले. मी आयुष्यात तितके गोड पोहे खाल्ले नाहीत, आणि खाताना नाक ओढत होते.

शुक्रवारी संध्याकाळी मी मास्तरांच्या घरासमोरून मुद्दाम गेले. खिडकीत काचेचा पेला होता, वात नुकती धरली होती आणि मास्तर पाठमोरे उभे होते. मी आत गेले नाही.

सोमवारी मोशेंची तार आली. मजकूर असा: आई पोचली. विमानतळावरून हलली नाही. शनिवारी तारे दिसल्यावर घरी आणली. तब्येत उत्तम. मास्तर ती तार घेऊन माझ्या वर्गात घुसले, चालू तासाला, आणि पोरांपुढे मोठ्यानं वाचली. अख्खी शाळा नाचली त्या दिवशी. नंतर आजींनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र आलं. "तुझ्या चुकीपायी एक रात्र आणि एक दिवस बाकावर काढला. मलिद्याचे पोहे बांधून नेले होते, ते खाल्ले. मोशे, सून, नातवंडं सगळी माझ्याभोवती जमिनीवर बसून होती. घरी गेले असते तर एवढा वेळ सगळी एका जागी बसली असती काय? विमानतळावरचा शिपाई दोनदा उठवायला आला. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून मी जिंकले."

आजी गेल्यावर मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाच्या शेजारी गजराचं एक घड्याळ ठेवलं, साडेतीन तास मागे लावलेलं. आम्ही गप्पा मारत बसलो की मध्येच बघायचे. "आत्ता आई उठली." "आत्ता मोशेच्या मुलीला ओरडत असेल." नवीन माणसाला वाटायचं घड्याळ बिघडलंय. एक घड्याळजी तर फुकट दुरुस्त करून देतो म्हणून मागेच लागला होता. मास्तरांनी त्याला बसवून पृथ्वी फिरते कशी ते अर्धा तास समजावलं. बिचारा पुन्हा त्या आळीत फिरकला नाही.

अशी सात वर्षं गेली. मग आजींचं एक पत्र आलं, चार ओळींचं. "मी आता पंच्याऐंशीची. किती तासांवर आहे ते मोजत बसू नकोस. ये."

मास्तर निघाले. घर विकलं, गोल शाळेत परत दिला, दोरा बायजाला दिला. ती तोवर न्हाव्याच्या शाळेत मास्तरीण झाली होती आणि मचव्याच्या वेळा पोरांना भरतीवरून काढायला शिकवत होती. मधला शब्बाथ मुंबईत काढायचा म्हणून ते शुक्रवारीच निघाले. त्या सकाळी एसटी स्टँडवर निम्मं पनवेल लोटलं होतं. मास्तरांनी गर्दीतून मला बाजूला घेतलं, कोटाच्या खिशातून एक चिठ्ठी काढली आणि नेहमीसारखं म्हणाले, "बाई, तपासा."

मी तपासलं. विमानाचा वार रविवार. सुटायची वेळ सकाळी सहा. उतरायच्या दोन गावांची नावं, प्रत्येक ठिकाणचा मुक्काम, गाठी साडेसहा.

"वाट विचारलीत वाटतं या खेपेला?"

"तीन ठिकाणी," मास्तर म्हणाले.

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: पोचणार, रात्री दहा. मला सापडलंच! इतक्या वर्षांनी का होईना, निघता निघता मास्तर हिशेबात सापडले. मी म्हटलं, "मास्तर, लाल खडू काढा. साडेतीन तास वजा करायचे राहिले. दहा ही आपली वेळ झाली, तिथं साडेसहाच वाजलेले असतील."

"राहिले नाहीत, बाई." मास्तरांनी कोटाची बाही वर सारली आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "तिथली वेळ सांगायला तिथं आई आहे. पनवेलात किती वाजले ते मला तिथं कोण सांगणार?"

कंडक्टरनं घंटी दिली. मास्तर चढले, खिडकीशी बसले. गाडी वळणावर गेली तेव्हा त्यांचा हात खिडकीबाहेर होता आणि ते दुसऱ्या हाताचं बोट मनगटावर ठोकून मला काहीतरी ओरडून विचारत होते. ऐकू आलं नाही, पण काय विचारलं ते कळलं. मी माझं घड्याळ बघितलं आणि जोरात ओरडले, "सव्वानऊ!"

मास्तरांनी मान डोलावली. त्यांच्याही घड्याळात तेवढेच वाजले होते.